पेटीवरचा ओला पंचा

भावजी, तुम्हाला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी नेहमीसारखा पंचा भिजवला, पिळला आणि रांजणाशेजारच्या तुमच्या कॅमेऱ्याच्या पेटीला गुंडाळला. बाहेर पाहुणे बसलेले, शेजारणींनी आणलेल्या भाकऱ्या परातीत झाकलेल्या, आणि मी आपली स्वयंपाकघरात पेटीशी उभी. गाठ मारून झाली तेव्हा हात थांबला. म्हटलं, अगं बाई, आता हे कुणासाठी? पण सोडला नाही. ओलाच राहू दिला.

सोलापूरचा उन्हाळा काय असतो ते तुम्हाला मी काय सांगावं. मुंबईच्या ज्या दुकानातून तुम्ही तो दोन डोळ्यांचा जर्मन कॅमेरा सेकंडहँड आणलात, तिथला माणूस म्हणाला होता म्हणे, कॅमेरा न् रोल थंड जागी ठेवा. थंड जागा! चैत्रात आपल्या घरात थंड जागा एकच, ती रांजणाची. तुम्ही दबकत विचारलंत, "वैनी, एवढी पेटी हितं राहू दे का?" मी म्हटलं, "राहू द्या की. तिला काय जेवायला घालायचंय?" पुढं तुमचं डोकं आणखी चाललं. माठाला ओलं फडकं गुंडाळलं की पाणी गार होतं, मग पेटीला का नको? झालं. फाल्गुन लागला की पेटीला पंचा. तुम्ही दिवसभर नवी पेठेत दुकानात, म्हणून भिजवायचं काम माझ्याकडं आलं. जेवायला घालावं लागलं नाही, आंघोळ मात्र रोज.

बहात्तरच्या त्या दुष्काळातसुद्धा चुकली नाही. टँकरपुढं घागरींची रांग, ताटात रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी, आणि तुम्ही जाता जाता हळूच म्हणायचा, "वैनी, पेटीला तेवढं..." एकदा मी भडकलेच. म्हटलं, "माणसांच्या घशाला कोरड अन् तुमच्या डब्याला आंघोळ!" तुम्ही वाद घातला नाही. तुमच्या वाटणीचा तांब्या उचललात, अर्धा पंच्यावर ओतलात, उरलेला प्यालात आणि चपला घालून दुकानात गेलात. त्यानंतर मी कधी बोलले नाही. तुम्हाला काही सांगायचं म्हणजे पंचाईतच होती, माणूस भांडेल तर त्याच्याशी भांडता येतं.

आज हे सगळं लिहायला बसले त्याला कारण तो कॅमेराच आहे. त्याचं काय करायचं ते ठरवायची पाळी माझ्यावर आली. पण त्याच्या आधीचं सांगते, म्हणजे मी का अशी वागले ते तुम्हाला कळेल.

आपल्यात गेलेल्या माणसाला मांडी घालून बसवायची रीत. विभूती लावायची, फुलांची आरास करायची, आणि भोवती घरची माणसं उभी करून फोटो काढायचा. सासूबाईंचाही तसाच काढला होता. जिवंतपणी त्यांना कॅमेऱ्यापुढं कुणी बसवलंच नव्हतं, म्हणून भिंतीवर लावायला तेवढा एकच. मान पडू नये म्हणून हनुवटीखालून बांधलेली पट्टी, मिटलेले डोळे. तुम्ही तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेलं पोर. त्या भिंतीकडं पाठ करून जेवायचा. एक दिवस ह्यांनी, तुमच्या अण्णांनी, विचारलं, "आईचा फोटो उलटा कुणी केला?" तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणालात, "ती आई नाही. आई बघायची. ही बघत नाही."

अण्णांनी हात उगारला होता. मी ताक वाढायच्या निमित्तानं मध्ये शिरले.

तेव्हापासूनचं तुमच्या मनात असणार. कॅमेरा आला आणि तुम्ही रविवारी सकाळी गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या दारात जायला लागलात. मेलेल्या माणसाचा फोटो काढायचा नाही, कुणी पाया पडलं तरी नाही. जिवंतपणी काढायचा, आणि एकच काढायचा. मी विचारलं होतं, "एकच का हो? बिघडला म्हणजे?" तर म्हणालात, "वैनी, दुसऱ्या वेळी माणूस फोटोसाठी बसतो." आणि फोटो धुऊन आला की पोराच्या नाही, सुनेच्या नाही, त्या म्हातारीच्याच हातात द्यायचा. ज्याचा चेहरा त्याच्या हातात. कितीक जणींनी स्वतःला पहिल्यांदा तुमच्यामुळं धड बघितलं. एक जण तर फोटो हातात घेऊन म्हणाली होती, "ही तर माझी आई!" आणि रडायला लागली, आणि मग तुमच्यासाठी शेंगाची चटणी कुटायला बसली.

बायका तुमच्यापुढं बसायच्या कशा, ह्याचं मला नवल वाटायचं. परक्या बाप्याकडं तोंड वर करून कधी न बघितलेल्या बायका त्या! एकदा दारात उभी राहून तुमचं काम बघितलं तेव्हा समजलं. तुमचा कॅमेरा डोळ्याला लावायचा नव्हताच. पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून त्या काचेत बघायचं. म्हणजे म्हातारी ज्वारी निवडतेय आणि हा माणूस तिच्यापुढं वाकून उभा आहे, देवळात उभा राहावा तसा. तिला वाटायचं, हा आपल्याकडं बघतच नाही. मग तीच तुमच्याकडं बघायची. आणि तेवढ्यात खट्ट.

बदल्यात तुम्हाला मिळालं काय? अपशकुनी म्हणून नाव! तुम्ही जायचा पिकल्या पानाकडं, आणि पिकलं पान वर्ष-दोन वर्षांत गळायचंच. गल्लीनं हिशेब उलटा मांडला. समोरच्या गौराआज्जीनं तर तुम्हाला दारातूनच हाकललं होतं. "आला बघ शिवा डबा घेऊन! यव्वा, माझं काय खरं न्हाय आता!"

तुम्ही हसत म्हणालात, "आज्जी, मी नाही काढला तरी जाणारच की कधीतरी."

"जाईन की! पर तुझ्या सांगण्यानं न्हाय जायची. साकु, पुरं तुझं, चल हो भायेर!" आणि तांब्यातलं पाणी तुमच्या पायावर. तुम्ही ओल्या पायानं घरात आलात आणि मला म्हणालात, "राहिली. पुढच्या वर्षी बघू." दर वर्षी जायचा. दर वर्षी पाय ओले.

आता सत्तारभाईंचं. नवी पेठेत त्यांचा स्टुडिओ, तुमचे रोल तेच धुवायचे, आणि तुमच्यासारखा दोस्त नव्हता त्यांना. दुष्काळाच्या सुमारास तुमचे फोटो बदलले. चेहऱ्यावर एक पातळ पडदा, पांढरं लुगडं असेल तर त्याच्या भोवती उजेड सांडल्यासारखा. म्हाताऱ्या खूश. "शिवानं मला गोरी केली की गं!" पण तुमचा जीव थाऱ्यावर राहीना. वरच्या काचेत सगळं लख्ख दिसायचं, आणि कागदावर धुकं. तुम्ही ठरवून टाकलंत, सत्तारभाईंचं पाणी खराब. टँकरच्या पाण्यात धुतलेले फोटो असेच येणार! ते बिचारे म्हणायचे, "पानी कू नक्को बोलो शिवाभाई, पानी बराबर है मेरा. कॅमेरा दिखाव एक बार." तुम्ही कॅमेरा उघडू दिला नाही. दुसऱ्या स्टुडिओत रोल दिला, आणि तिथूनही तेच धुकं आलं. मी भाकरी थापता थापता म्हटलं, "भावजी, दोन्ही घरच्या पाण्याला एकच खोट कशी?"

तुम्ही अर्ध्या भाकरीवरून उठलात. वाद तिथंच राहिला. पुढच्या रोलाला गुमान परत सत्तारभाईंकडं गेलात, पण त्यांना सांगितलं नाही आणि मलाही काही बोलला नाहीत. माझा वाद अजून तिथंच आहे बरं का, त्या अर्ध्या भाकरीपाशी.

आणि मग ह्या चैत्रात दुकानात कापडाचं ठाण उचलता उचलता खाली बसलात. उठलाच नाहीत.

तुम्हाला बसवलं. विभूती लावली. करमाळ्याच्या पाहुण्यांनी रीतीप्रमाणं फोटोग्राफर बोलावला, तो कॅमेऱ्याचं तिकाटणं घेऊन दारात आला. मी उठले आणि म्हटलं, "फोटो नको." सगळे माझ्याकडं बघायला लागले. एक जण म्हणाली, "दिराचा शेवटचा फोटू काढू देत न्हाय, कसली वैनी हाय ही!" आता त्या गर्दीत मी काय सांगू, की ह्या माणसानं आईचा फोटो उलटा केला होता म्हणून? तुमच्या अण्णांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा तुमच्याकडं, आणि म्हणाले, "ती म्हणते तसंच करा." त्यांनाही तो उलटा फोटो आठवला असणार. फोटोग्राफर परत गेला.

पण त्यामुळं झालं काय, की भिंतीवर लावायला तुमचा फोटोच नाही. गल्लीभर चेहरे वाटणाऱ्या माणसाचा स्वतःचा चेहरा कुणी काढलेला नाही. माझ्या लग्नाच्या फोटोतल्या घोळक्यात पोरगेले तुम्ही आहात, तेही हललेले.

सत्तारभाई आले ते दिवसकार्य उरकल्यावर. ओट्यावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "भाभी, अब तो दिखाओगे कॅमेरा?"

मी पेटी आणली. पंचा ओलाच, भिजवायचं मी सोडलं नव्हतं. त्यांनी पंच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "ये क्या है?" मी सांगितलं, थंड राहावा म्हणून, उन्हाळाभर, रोज. त्यांनी पेटी उघडली तर आत कुबट वास. खिशातून बॅटरी काढली, कॅमेरा मागून उघडला, खालच्या डोळ्यात उजेड टाकला आणि मला बोलावलं. काचेच्या आत पांढऱ्या बारीक मुळ्या पसरलेल्या, कोवळ्या रोपाच्या असतात तशा. बुरशी. सोलापुरात, जिथं लोणच्याला बुरशी धरायला सवड मिळत नाही, तिथं आपण दोघांनी मिळून ती काचेवर पिकवली, आणि ती पण दुष्काळात, तोंडचं पाणी घालून. वरचा डोळा बघायचा तो साफ, खालचा डोळा काढायचा तो पिकलेला. म्हणून तुम्हाला कधी दिसलं नाही.

सत्तारभाई हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले. "मैं बोल्या था ना भाभी? वो भी बराबर बोल्या था, पानी का मामला है! पन पानी मेरा नै, तुमारा!"

भावजी, तुम्ही असता तर तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला असता. आणि तुम्हीच सगळ्यात जास्त हसला असता, माझी खात्री आहे.

मग त्यांनी अडचण सांगितली. काच उघडून पुसता येईल. पण बुरशी काचेच्या पॉलिशात किती उतरलीय ते पुसल्याशिवाय कळणार नाही. साफ निघेल, नाहीतर काच कायमची डागाळेल, मग फोटो धुरकटही नाही आणि नीटही नाही. त्यांनी असलं काम आधी एकदाच केलं होतं आणि ते बिघडलं होतं. "और ये बिगड्या तो शिवाभाई मेरे कू कबर में भी नै छोडेंगे. तुम बोलो, खोलूं क्या?"

मी म्हटलं, नको. लगेच म्हटलं. मला तो पडदा हवा होता. तुमच्या शेवटच्या वर्षांचे सगळे चेहरे त्या उजेडात आहेत, तो पुसून काय करायचं? पेटी आहे तशी कपाटात ठेवीन म्हटलं. सत्तारभाई म्हणाले, "रखने से रहती नै भाभी. ये जिंदा है. अंदर अंदर खाती जाएगी, उप्पर का काच भी खाएगी." ते गेले आणि मी बसून राहिले. म्हणजे हात लावला तर बिघडेल, आणि नाही लावला तर आंधळा होईल. जसंच्या तसं ठेवायची सोयच नाही.

आपल्या बसूला सांगितलं. तुमचा पुतण्या बँकेत लागल्यापासून व्यवहाराचं बोलतो. म्हणाला, "आई, जुन्याच्या मागं कशाला लागतेस? काकांचं काम चालू ठेवायचं तर नवा घेऊ." मित्राचा जपानी कॅमेरा घेऊन आला, एवढासा, सुबक. गौराआज्जी ओट्यावर वाती वळत बसलेली. ह्यानं लावला डोळ्याला आणि वळला तिच्याकडं. आज्जीनं पदर ओढला तोंडावरून.

"काय रोखून बघालास रे मेल्या, बंदूक लावल्यागत!"

"आज्जी, फोटो काढतोय, फोटो."

"असा असतोय व्हय फोटू? शिवाचा डबा कुठाय? ते वाकून बघायचं?" मग पदराआडून मलाच म्हणाली, "गिरजे, माझा ऱ्हायला की गं."

मी म्हटलं, "आज्जी, तुम्हीच तर पाणी ओतायचा त्यांच्या पायावर. अपशकुन ना?"

आज्जी वात वळायची थांबली. "म्हणायची की. डबा दारात आला की माणूस जातंय म्हणायची. पर गिरजे, त्याचा तर कुणीच काढला न्हवता. तरी गेलाच की. म्हंजी डब्यात कायबी न्हवतं बघ." पुन्हा वात वळायला लागली. "उगं वल्लं केलं पोराचं पाय."

भावजी, इतकी वर्षं तुम्ही तिला समजावत होता, ते तिला कळलं ते असं. बरं झालं म्हणू का वाईट झालं म्हणू?

मला मात्र त्या दिवशी माझं कळलं. मी पडदा धरून बसले होते, आणि तुम्हाला तर तो पडदा कधीच नको होता. त्याच्यापायी तुम्ही दोस्ताशी वाकडे झालात, भाकरीवरून उठलात. तुमचं जे होतं ते वाकणं होतं. ते नव्या कॅमेऱ्यात नाही, आणि कपाटातल्या पेटीतही राहणार नाही.

दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन सत्तारभाईंच्या स्टुडिओत गेले. म्हटलं, "खोला." त्यांनी पांढरं कापड अंथरलं, पुटपुटत देवाचं नाव घेतलं आणि बारीक पेचकसानं काच उतरवली. कापसाचा बोळा स्पिरिटात बुडवला. मी बोळ्याकडं बघत उभी. तुमचे अण्णा दुकान सोडून मागं येऊन कधी उभे राहिले, कळलंसुद्धा नाही. पांढऱ्या मुळ्या पुसल्या गेल्या. निघाल्या. कडेला एक केसासारखी रेघ तेवढी राहिली. सत्तारभाईंनी विचारलं, "और घिसूं?" मी म्हटलं, "नको. साकु." ती असू दे. एवढं पाणी घातलं होतं आपण.

निघताना त्यांनी पंचा माझ्या हातात दिला आणि हात जोडले. "भाभी, अब गीला कपडा नक्को. मेहेरबानी." अण्णा हसले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

आज सकाळी ऊन कोवळं होतं तेव्हा गौराआज्जीच्या दारात गेले. ज्वारीचं सूप मांडीवर घेऊन बसली होती. मी कॅमेरा पोटाशी धरला, झाकण उघडलं, वाकले. काय सांगू तुम्हाला, आत सगळं उलटं! आज्जी उजव्या हातानं खडा टाकते आणि काचेत डावा हात हलतो. मी इकडं सरकावं तर ती तिकडं पळते. तुम्ही इतकी वर्षं हे कसं साधलंत हो? मला एक म्हातारी सापडेना त्या एवढ्याशा काचेत! शेवटी सापडली. बोळक्या तोंडानं माझ्याकडं बघत होती. एकदाच दाबलं. खट्ट.

आज्जी म्हणाली, "झालं? शिवाबी असाच वाकायचा. दुसऱ्यांचा काढताना मी दाराआडून बघायची त्याला." मग सूप बाजूला ठेवलं. "आता तू बस. मी दाबते."

"तुम्हाला जमंल का आज्जी?"

"वाकायचं अन् दाबायचं. त्यातलं वाकायचं तर झालंयच की माझं, कवाचं!"

मी बसले. भावजी, तुम्ही कितीदा म्हणायचा, "वैनी, एकदा तुम्ही बसा," आणि मी म्हणायची, तव्यावर भाकरी आहे. आज हातात तवा नव्हता, हातांचं काय करावं सुचेना, म्हणून आज्जीनं सूप माझ्या मांडीवर दिलं. ती वाकली. तिचे थरथरणारे हात, विरळ पांढरे केस, आणि त्या केसांच्या पलीकडं आपलं दार दिसत होतं. बराच वेळ ती मला काचेत शोधत होती, बडबडत होती, "कुठं पळालीस गं."

रोल सत्तारभाईंकडं दिलाय. माझं डोकं आलंय, का नुसतं सूप, का आज्जीचं बोट, काही सांगता येत नाही. पंचा दोरीवर वाळत घातलाय. पण एवढं सांगते, खट्ट झालं तेव्हा माझे डोळे उघडे होते. मी बघत होते.